चाळीस सेकंदांचं लुगडं

सव्वातीन वाजता मी सहा नंबरची ट्रंक उघडली. ट्रंकेत म्हातारीचं लुगडं नव्हतं.

मी सगळी ट्रंक उपसली. नवरीचा शालू होता, सासऱ्याची बाराबंदी होती, पोस्टमनची टोपीसुद्धा होती. लुगडं तेवढं नव्हतं. मग आठवलं. आदल्या दिवशी कऱ्हाडला प्रयोग झाल्यावर मीच ते धुतलं होतं आणि नाट्यगृहाच्या मागच्या दोरीवर वाळत टाकलं होतं. सकाळी बस सुटायच्या घाईत मी ट्रंका मोजल्या, त्या बरोबर भरल्या. दोरीकडे कोण बघतो? मी चिपळुणात होतो आणि माझं लुगडं कुंभार्ली घाटाच्या पलीकडे वाऱ्यावर हलत होतं.

माझं नाव भालचंद्र गुरव. आज अडुसष्ट वर्षांचा आहे. आयुष्यभर नाटकांचा कपडेपट सांभाळला, म्हणजे कुणी कधी काय घालायचं, ते इस्त्री करून, बटणं तपासून हातात द्यायचं. माझ्या हातून बटण तुटलेला कोट कधी रंगमंचावर गेला नाही, हे मी छातीठोक सांगतो. पण त्या दिवशी मात्र माती खाल्ली होती.

आणि खाल्ली तीही कुठल्या लुगड्यावर! त्या नाटकाचं नाव सांगत नाही, उगाच लोक शोधत बसतात. पण त्यात एक जागा होती आणि तिच्यासाठी लोक दोनदा तिकीट काढायचे. दुसऱ्या अंकात एकोणीस वर्षांची नवरी ओसरीवर उभी असते. अंधार होतो. अंधारात ओवीचं एक कडवं ऐकू येतं, मोजून चाळीस सेकंदांचं. उजेड येतो तेव्हा त्याच जागी, तीच बाई, सत्तर वर्षांची. थिएटर दणाणून जायचं. जाहिरातीतसुद्धा ‘हा चमत्कार होतो कसा?’ असं छापलेलं असायचं.

चमत्कार कसला, मी आणि माझ्या हाताखालची कुसुम. नवरीचं काम करणाऱ्या उज्ज्वलाताई अंधारात विंगेत यायच्या, मी एका झटक्यात शालू उतरवायचो, तो पाठीमागे चिकटपट्टीवर होता, आणि म्हातारीचं शिवलेलं नऊवार विजारीसारखं पायांत चढवायचो. मागे चार हूक, की झालं. तोवर कुसुम पांढरा टोप बसवून कुंकू पुसायची. ते शिवलेलं नऊवार कऱ्हाडला राहिलं होतं.

लोटलीकरांना, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांना, सांगायला गेलो. ते खुर्चीत चहा पीत बसले होते. कप तसाच हवेत राहिला.

“काय म्हणालास?”

“लुगडं कऱ्हाडला राहिलं, साहेब. चूक माझी आहे.”

“चूक तुझीच आहे रे, पण बोंब माझ्या नावानं होणार! चारचा प्रयोग, हाउसफुल्ल आहे. त्या जागेसाठी लोक खेडोपाड्यांतून आलेत. बाजारातून आण दुसरं.”

“चिपळूणचा बाजार एक ते चार झोपतो, साहेब. एक दुकान उघडं नाही. आणि मिळालं तरी ते शिवायचं कधी?”

“मग त्या जागी मध्यंतर घेऊ.”

“आणि चमत्कार?”

ते कप खाली ठेवून म्हणाले, “भालू, तू कामाला चोख आहेस म्हणून सहा वर्षं तुला ओरडायची वेळ आली नाही. पण आज ती जागा पडली तर उद्यापासून कपडेपट दुसरा माणूस बघेल. राग मानू नकोस.”

राग कसला मानतो! त्यांच्या जागी मी असतो तर आधी शिव्या घातल्या असत्या. पण मला नोकरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं घाम फुटला होता. तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीचा पास मी आमच्या गावच्या एसटीच्या कंडक्टरकडे देऊन आबांना, माझ्या वडिलांना, पाठवला होता. ते येतील की नाही ठाऊक नव्हतं. सहा वर्षं ते माझ्याशी बोलले नव्हते.

आमचं घर वाघजाईच्या देवळाचं गुरवपण करणारं. देवीला लुगडं नेसवणं हे आमच्या घराचं काम. त्याची एक रीत आहे. नेसवताना देवीसमोर पडदा धरायचा, कारण ती उघडी असताना कुणी बघायचं नाही. पडदा धरणारानं तोंड फिरवायचं आणि नेसवणारानंसुद्धा नजर खाली ठेवून, नुसत्या हातांनी नेसवायचं. गाभाऱ्यात उजेड असून नसून सारखाच. नेसवणारा मोठा, पडदा धरणारा धाकटा. दहाव्या वर्षापासून मी आबांसाठी पडदा धरला. सतराव्या वर्षी त्यांनी माझ्या हातात लुगडं दिलं. पण माझ्यासाठी पडदा त्यांनी कधी धरला नाही. मी नेसवायचो तेव्हा तो दोन खिळ्यांना अडकवलेला असायचा आणि आबा समईजवळ बसून चुका काढायचे.

सव्विसाव्या वर्षी मी नाटक कंपनीबरोबर मुंबईला निघालो. आबा उंबऱ्यात उभे होते. म्हणाले, “देवीला नेसवणारे हात आता नटीचे परकर धुवायला चालले. जा.” ते त्यांचं शेवटचं बोलणं. त्या दिवशी पहिल्यांदा आमचं नाटक त्यांच्या टप्प्यात आलं होतं, आणि त्याच दिवशी मी असा दिवे लावून बसलो होतो.

“साहेब,” मी लोटलीकरांना म्हणालो, “मध्यंतर घेऊ नका. मी नेसवतो.”

“काय नेसवतोस?”

“नऊवार. साधं, न शिवलेलं. अंधारात. चाळीस सेकंदांत.”

“डोकं फिरलंय का? बायका स्वतःला नेसतात तर दहा मिनिटं लागतात!”

“त्या आरशात बघतात म्हणून लागतात.”

मी त्यांच्या होकाराची वाट पाहिली नाही. मला आधी लुगडं हवं होतं.

नाट्यगृहाच्या दारात एक म्हातारी गजरे विकत बसली होती. अंगावर जुनं, विटकं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं. मूळ रंग कोणता होता ते तिलाही सांगता आलं नसतं. मला हवं होतं अगदी तस्सं. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो.

“आजी, तुमचं लुगडं द्याल का? दोन तासांसाठी.”

तिनं मला वरून खाली न्याहाळलं. “मेल्या, दिवसाढवळ्या?”

बाजूचा शेंगदाणेवाला खो-खो हसायला लागला. मी कान धरले आणि सगळं सांगितलं, दोरी, कऱ्हाड, लोटलीकर, सगळं. ती शांतपणे गजरा ओवत ऐकत होती.

“मग मी काय नेसू? गजरा?”

“नटीची साडी देतो. पाचवारी.”

“गोल? ह्या वयात?” तिचे डोळे मात्र चमकले. “आणि नाटक बघायला मिळेल?”

“विंगेत स्टूल ठेवतो तुमच्यासाठी.”

“चल,” ती म्हणाली. “पण नाटक संपलं की माझं लुगडं माझ्या अंगावर पाहिजे. सुनेनं मला गोल साडीत बघितलं तर गावभर करील.”

दहा मिनिटांनी म्हातारी उज्ज्वलाताईंच्या निळ्या साडीत लाजत स्टुलावर बसली होती आणि तिचं लुगडं माझ्या हातात होतं. उज्ज्वलाताईंना मी सगळं सांगितलं. मोठी नटी, पण उगाच आदळआपट करणारी नव्हे. त्यांनी एकच विचारलं, “भालू, तुला येतं ना?”

“देवीला नेसवत आलोय, ताई. नऊ वर्षं.”

“मग मी काय करायचं?”

“दगड व्हायचं. श्वाससुद्धा हळू.”

त्या हसल्या. “नवरा तेच सांगतो मला.”

विंगेत, आत घालायच्या काळ्या चोळी-विजारीवर, आम्ही तालीम सुरू केली. लोटलीकर घड्याळ घेऊन उभे. मी डोळे मिटले. कमरेला गाठ, पदर, निऱ्या, ओचा, मग मधला भाग पायांमधून मागे नेऊन खोचायचा, तो कासोटा. पहिल्या वेळी अठ्ठावन्न सेकंद. दुसऱ्या वेळी एक्कावन्न. कासोट्याशी माझं अडत होतं. हात तिथं येऊन थबकत होते.

“मध्यंतर घेऊ या का?” लोटलीकर हळूच म्हणाले.

“साहेब, तुम्ही घड्याळ बघा.”

तिसऱ्या वेळी त्रेचाळीस. तेवढ्यात पहिली घंटा झाली आणि तालीम संपली.

दर्शनी पडद्याला बोटभर भोक असतं. प्रत्येक थिएटरात असतं, आत किती माणसं आली ते बघायला. मी डोळा लावला. तिसरी रांग, कडेची खुर्ची. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, दोन पायांच्या मध्ये उभी धरलेली छत्री. आबा आले होते. देवळात बसतात तसे ताठ बसले होते. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, आले नसते तर बरं झालं असतं.

पहिला अंक झाला. दुसरा सुरू झाला. ओसरीवर नवरी उभी राहिली आणि दिवे गेले.

उज्ज्वलाताई विंगेत आल्या ते मला त्यांच्या बांगड्यांवरून कळलं. शालू ओढला. ओवी सुरू झाली. मी डोळे मिटले, तसेही ते काय कामाचे होते! लुगडं हातात आलं. मऊ, ओळखीचं, उन्हाचा आणि मोगऱ्याचा वास असलेलं. आणि मग माझे हात चालायला लागले. मी चालवत नव्हतो हो, ते आपले आपण चालत होते. गाठ, निऱ्या, आवळणं, खोचणं, पदर. कुठंही अडलं नाही, थबकलं नाही. माझे हात थांबले तेव्हा ओवीचं कडवं संपायचं होतं. कुसुमनं टोप दाबला आणि ताईंना जागेवर ढकललं. मागून लोटलीकर कुजबुजले, “चौतीस!”

उजेड आला. थिएटरात एकदम श्वास ओढल्यासारखा आवाज झाला आणि टाळ्यांचा कडकडाट. स्टुलावरची म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, “अगो बाई, माझं लुगडं!”

मी कपाळावरचा घाम पुसला आणि ताईंकडे नीट बघितलं.

कासोटा नव्हता.

माझ्या हातांनी देवीला नेसवलं होतं. देवीला कासोटा घालत नाहीत. दगडाच्या मूर्तीच्या पायांमधून काय नेणार? सगळ्या निऱ्या पुढे घेऊन पंखा करायचा, आणि तो विस्कटू नये म्हणून गुडघ्याशी घट्ट आवळायचं. आवळलं होतं, चांगलं करकचून. नऊ वार कापड ताईंच्या पायांना बांधून ठेवलं होतं. आणि पुढचा प्रसंग काय? म्हातारी हातात तांब्या घेऊन ओसरीच्या तीन पायऱ्या तरातरा उतरते, तुळशीला पाणी घालते आणि वळून मुलावर ओरडते.

“काय झालं?” लोटलीकर.

“ताईंना चालता येणार नाही.”

“म्हणजे?”

“देवीला चालायचं नसतं, साहेब.”

त्यांना काही कळलं नाही. कळायची वेळही नव्हती. ताईंनी पाऊल उचललं आणि ते वीतभरावरच अडकलं. त्या डगमगल्या. तांब्यातलं पाणी सांडलं. त्यांनी एक क्षण विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. दुसरं काय करणार!

मग त्यांनी खांबाला हात लावला आणि बोटभर, बोटभर पाऊल सरकवत निघाल्या. ओसरीची कड यायला केवढा वेळ लागला! थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. पायरीशी येऊन त्यांनी खाली बघितलं. उतरता येणार नाही हे त्यांना कळलं. त्यांनी तांब्या आधी खालच्या पायरीवर ठेवला, मग स्वतः टेकल्या, आणि बसूनच एक पायरी उतरल्या. पुन्हा तांब्या खाली. पुन्हा त्या. गुडघे गेलेली म्हातारी उतरते तश्शी. तिसऱ्या पायरीवर त्या थोडं थांबल्या आणि तुळशीकडे बघून हसल्या, जिंकल्यासारख्या. प्रेक्षकांतून कुणी बाई हुंदका देऊन रडली.

“हे कधी बसवलं?” लोटलीकरांनी विचारलं.

“आत्ताच,” मी म्हणालो.

गजरेवाली म्हातारी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बघत होती. “हां,” ती म्हणाली, “अशीच उतरते मी.”

नाटक संपलं. शेवटचा पडदा पडल्यावर उज्ज्वलाताई तशाच तुरुतुरु सरकत विंगेत आल्या आणि त्यांनी माझा कान धरला.

“कासोटा कुठाय रे, मेल्या? मला बांधून ठेवलंस!”

“चुकलो, ताई. हातांची सवय.”

“नव्वद प्रयोग झाले,” कान न सोडता त्या म्हणाल्या, “नव्वद प्रयोग मी म्हातारीचं सोंग करत होते. आज पहिल्यांदा ती माझ्या पायांत आली. उद्यापासून असंच नेसवायचं. शिवलेलं लुगडं कऱ्हाडकरांना दे भेट.”

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. तेवढ्यात मागच्या दारातून कुसुमचा आवाज आला, “आबा, चपला असू द्या पायांत. इथं खिळे असतात.”

“असू देत,” आबांचा आवाज.

मी वळलो. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या, देवळाबाहेर काढतात तशा जोडून. अनवाणी आत आले. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ उज्ज्वलाताईंसमोर येऊन उभे राहिले, नमस्कार केला आणि नजर त्यांच्या पायांशी नेली. निऱ्यांवर.

“हे कुणी नेसवलं?”

लोटलीकर पुढे सरसावले. गावोगावचे लोक असंच विचारायला यायचे. “काका, ते आमचं गुपित आहे. चमत्कार म्हणा.”

“चमत्कार कसला,” आबा म्हणाले. “बाईला कासोटा नाही. निऱ्या गुडघ्याशी आवळल्यात. शेवटची निरी उलटी दुमडलीय. असं आमच्या घराबाहेर कुणी नेसवत नाही.” मग माझ्याकडे वळले. सहा वर्षांनी. “किती वेळ लागला?”

“चौतीस सेकंद.”

“उजेड?”

“नव्हता.”

“डोळे?”

“मिटलेले, आबा.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “चूक केलीस. देवी उभी असते. हिला चालायचं होतं. कासोटा पाहिजे होता.”

“नको हं आबा!” उज्ज्वलाताई मध्येच बोलल्या. “कासोटा आता मी घालू देणार नाही.”

“बाई, रीत म्हणून काही आहे की नाही?”

“ही माझ्या म्हातारीची रीत.”

ते दोघं माझ्या निऱ्यांवरून भांडत होते आणि मी मध्ये उभा होतो. माझ्या कामावरून कुणी इतकं मनापासून भांडलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अस्सा आनंद झाला मला! तेवढ्यात निळ्या साडीतली म्हातारी स्टुलावरून उठली.

“तुमचं भांडण मागाहून करा. माझं लुगडं द्या आधी. शेवटची एसटी सुटेल माझी.”

बायकांची खोली दूर, जिना उतरून खाली. ताईंना तर धड दोन पावलंही टाकता येत नव्हती. माणसं ये-जा करत होती, सेट उतरवायला सुरुवात झाली होती. कुसुम चादर शोधायला धावली.

“थांब पोरी,” आबा म्हणाले.

त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, त्याची दोन टोकं दोन हातांत धरली आणि हात वर केले. ताई आणि मी आडोशाला आलो. मग आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“घे,” म्हणाले. “आटप.”

मी डोळे मिटले आणि उलटी दुमडलेली निरी सोडवायला घेतली. चौतीस सेकंदांत नेसवलेलं ते लुगडं उतरवायला मी चांगली पाच मिनिटं लावली. आबांचे हात भरून आले असणार, सत्तरीचे होते ते. पण उपरणं एक बोटसुद्धा खाली आलं नाही.